ट्रॉलीचा हात

हेवीचं लायसन हातात आलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. त्याआधी तीन वेळा पोलीस भरतीला पळालो. दोनदा धावण्यात मागं पडलो, एकदा लेखी परीक्षेत, आणि मग वयच निघून गेलं. आमचं गाव वाशी आणि ईटच्या मधे. तिथं तीन एकर रान, चुलत्याचा ट्रॅक्टर आणि अण्णांची पेन्शन यांवर घर चालायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. वाशीच्या एका कचेरीत कारकून होते. आमच्या भावकीतले पहिले पगारदार तेच. मुलानं आपल्यापेक्षा एक पायरी वर चढावं, वर नाही तर नाही, पण खाली तरी उतरू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आणि मी ट्रकचं स्टिअरिंग धरलं.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं, आणि भांडायला मला आवडतं. पण ते नुसती माझी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दर रविवारी फडक्यानं पुसायचे आणि होती तशी फळीवर ठेवायचे. विहारात वंदनेला गेल्यावर कुणी विचारलं, "थोरला काय करतो सध्या?" तर म्हणायचे, "कंपनीत आहे." कुठल्या कंपनीत, असं पुढं विचारलं की त्यांना खोकला यायचा.

कंपनी म्हणजे येरमाळ्याजवळ हायवेला लागून असलेलं एका मालकाचं आवार. आत सात गाड्या, एक मेकॅनिकची टपरी आणि एक लिंबाचं झाड. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "महिनाभर चालवून दाखव. जमलं तर गाडी तुझ्या हातात देतो. न्हाय जमलं तर दुसरीकडं बघ." गाडी हातात मिळणं म्हणजे रोज तीच गाडी, तिची किल्ली आपल्या खिशात आणि महिन्याला ठरलेला पगार. तोवर आज या गाडीवर, उद्या त्या गाडीवर, जिथं माणूस कमी तिथं. मला ती किल्ली हवी होती. अण्णांना 'कंपनी' म्हणताना खोकावं लागू नये म्हणून हवी होती, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

पुढं चालवण्यात माझं कधी काही अडलं नाही. अडलं ते मागं घेण्यात.

त्याचं असं आहे. ट्रॅक्टरला दोन चाकी ट्रॉली जोडून मागं घ्यायची असली, तर हात उलटे चालवावे लागतात. ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं. ट्रकचं तसं नसतं. तो एकसंध असतो, जिकडं स्टिअरिंग तिकडं मागचं टोक. मी कॉलेज सुटल्यापासून दहा वर्षं शेणखताच्या, कडब्याच्या, विटांच्या ट्रॉल्या मागं घेतल्या होत्या. लायसनच्या परीक्षेत मोकळ्या मैदानावर विचार करकरून ट्रक मागं घेतला आणि पास झालो. पण घाई झाली, कुणी ओरडायला लागलं, की डोकं बाजूला राहायचं आणि हात आपले जुन्या वाटेनं जायचे.

अकराव्या दिवशी तेच झालं. सोयाबीन भरलेला दहा चाकी ट्रक तेलाच्या एका मिलमध्ये माल उतरवायच्या धक्क्याला मागं मागं लावायचा होता. मागं एक हमाल "काट, काट, आणखी काट" म्हणून ओरडत होता, बाजूनं दुसरा "डावी मार, डावी" म्हणत होता. मी डावी मारायची म्हणून उजवी मारली. ट्रकचं टोक शेडच्या लोखंडी खांबाला जाऊन बसलं, दिवा फुटला, पत्रा आत गेला, आणि वरचे पत्रे असे वाजले की मिलमधली सगळी माणसं जेवण सोडून बाहेर आली.

आवारात परतल्यावर मालकानं फुटका दिवा हातात घेऊन बघितला. "ट्रॅक्टरवाल्याला ट्रकवर बसवायची चूक माझीच हाय," तो म्हणाला. तोंड वर करून मी म्हणालो, "हात बसायला वेळ लागतोय, मालक." तो म्हणाला, "बसू दे की. पण माझ्या गाडीवर नको." तरी त्यानं मला लगेच हाकललं नाही. महिना संपेपर्यंत ट्रेलरवर सोबतीला जा म्हणाला. हायवेला चालव, पण रिव्हर्सच्या गिअरला हात लावायचा नाही. म्हणजे महिना संपला की घरी, एवढं मला कळलं.

ट्रेलरवर चाचा होते. साठीला टेकलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली, आयुष्य ट्रकवर गेलेलं. मालकानं मागच्या वर्षी हा चाळीस फुटी ट्रेलर घेतला आणि सगळ्यांत जुना माणूस म्हणून चाचांना दिला. त्याचं पुढचं केबिन वेगळं, मागची लांब फळी वेगळी, मधे एका जाड खिळ्यावर वळेल अशी जोडलेली. जालन्याहून सळई भरायची आणि आमच्याच भागात माळावर पवनचक्क्या उभ्या राहतायत तिथं पायासाठी नेऊन टाकायची, हे काम. चाचा मला "बेटा" म्हणायचे, चहा पाजायचे आणि माझ्या फुटक्या दिव्याचा विषय एकदाही काढायचे नाहीत. पण एक गोष्ट मी दोन खेपांत ओळखली. ट्रेलर मागं घ्यायचा प्रसंग आला की चाचा लांबून वळसा मारायचे. मैदान असलं तर अख्खा चक्कर घालून तोंड फिरवायचे, पण रिव्हर्स टाकायचे नाहीत.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा ईटच्या वरच्या माळावर नव्या जागी सळई न्यायची निघाली. सकाळी अकराला पोचलो. पायाच्या खड्ड्यापर्यंत कच्चा रस्ता, साधारण चारशे फूट. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला आधी एक विहीर आणि पुढं घोट्याएवढी ज्वारी. ज्वारीचा मालक काठी घेऊन उभाच होता. रानात चाक घालायचं नाही. टोकाला वळायला जागा नाही. म्हणजे आत जायचं ते मागं मागंच जायचं.

चाचांनी दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पन्नास फुटांवर केबिन आणि फळी मधे दुमडली, दुसऱ्या वेळी तर मागचं चाक विहिरीच्या कडेला इतकं गेलं की माती खाली पडल्याचा आवाज आला. चार माणसं चारी बाजूंनी ओरडत होती, "राइट काट, लेफ्ट काट." चाचांचा शर्ट भिजला. ते गाडी रस्त्यावर परत आणून खाली उतरले आणि चाकाला टेकून बसले. साइटचा साहेब, पंचविशीतला पोरगा, फोनवर मालकाला सांगत होता, "सळई इथंच उतरवून ट्रॅक्टरनं न्यावी लागेल. पुढच्या खेपा मग दुसऱ्यांना देतो."

मी इतका वेळ गप्प होतो, कारण रिव्हर्सला हात लावायचा नाही असा हुकूम होता. पण चाचांचे हात मी बघितले होते. ट्रेलरचं टोक डावीकडं जावं म्हणून ते डावीकडंच फिरवत होते. चाळीस वर्षं ट्रक चालवलेले हात होते ते, त्यांचं बरोबरच होतं. फक्त ही गाडी ट्रक नव्हती. ही मोठी ट्रॉली होती, आणि हे तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा मला हसू आवरेना.

"चाचा, मी घेऊ का?"

त्यांनी वर बघितलं. "मालिकनं मना केलंय, बेटा."

"तुम्ही हो म्हणा. घसरली तर माझ्यावर."

त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "मागं कोण उभं ऱ्हाईल? ही लोकं तर डोस्कं खात्यात नुसती."

खरं होतं ते. आणि मागं उभं राहायला मला माहीत असलेला माणूस एकच होता. मी घरी फोन लावला. अण्णांनी उचलला.

"अण्णा, आईला घेऊन माळावर या. ईटच्या वरच्या अंगाला, पवनचक्कीच्या साइटवर."

"कशाला?"

"ट्रेलर मागं घ्यायचाय."

अण्णांनी विचारलं, "केवढा आहे?"

"चाळीस फुटी."

"येतो," म्हणाले.

आमच्या घराला जायची बोळ बैलगाडीपुरती रुंद. तिच्यातून शेणखताची ट्रॉली मागं घेताना दहा वर्षं मागं आई उभी असायची. तिची रीत अशी की ती कधी ओरडायची नाही आणि डावं-उजवं कधी म्हणायची नाही. समोर उभ्या माणसाचं डावं ते आपलं उजवं, आणि ट्रॉलीला हात पुन्हा उलटे, एवढा गोंधळ कुणी घालायचा? ती फक्त ट्रॉलीचं टोक कुठं जायला पाहिजे तेवढं सांगायची. "हौदाकडं. आणखी हौदाकडं. आता शेवग्याकडं जरा." मी एकदा चिडून म्हणालो होतो, हात कसा फिरवू ते सांग की. तर ती म्हणाली, "तुझ्या हाताचं तू बघ, मी बुडाचं सांगती."

पाऊण तासानं मोटरसायकल आली. आई मागं बसलेली, हाताला शेताची माती तशीच. गेटवरच्या वॉचमननं अण्णांकडून वहीत नोंद करून घेतली, आणि हेल्मेट घातल्याशिवाय कुणालाच आत सोडणार नाही म्हणाला. आईनं डोक्यावरच्या पदरावर पिवळं हेल्मेट घातलं आणि गळ्याखालचा पट्टा स्वतःच लावला. साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "साहेब, एक तास द्या. आणि तुमच्या माणसांना बांधावर बसवा, गप्प." चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सबर करा."

आई आधी चारशे फूट चालून आली. रस्ता बघितला, विहिरीत वाकून बघितलं, ज्वारीच्या मालकाला "भाऊ, काळजी करू नका" म्हणाली. मग माझ्या खिडकीखाली येऊन विचारलं, "ही बी ट्रॉलीच का?"

"व्हय. लांब हाय नुसती."

"मग काय तर," म्हणाली आणि मागं जाऊन उभी राहिली. तिचा फोन तिच्या कानाला, माझा फोन डॅशबोर्डवर मोठ्या आवाजात. चाचा विहिरीच्या अंगाला. त्यांना एकच काम, धोका वाटला तर हात वर करायचा.

मी रिव्हर्स टाकला. फोनमधून आईचा आवाज आला, "बांधाकडं." हात आपोआप उलटे फिरले आणि टोक बांधाकडं गेलं. "बास. सरळ. आता हिरीकडं थोडं. थोडं म्हणलं की रं. हां." विहिरीपाशी मला आरशात चाकाखालची कड दिसेना. मी थांबलो. ती म्हणाली, "थांबू नगं. इतभर जागा हाय, मी बघतीय." मी तिच्या शब्दावर ब्रेक सोडला. चाचांचा हात खालीच होता. विहीर मागं पडली. पुढं बाभळीकडं, मग बांधाकडं, मग नुसतं "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." एकदाच पुढं घेऊन सरळ करावा लागला. खड्ड्यापाशी ती म्हणाली, "उभी कर. उतर आता, पाणी पी."

खाली उतरलो. चाचांनी मला छातीशी धरलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हे मला न्हाय येत. मी शिकणार बेटा तुझ्याकडून." त्या वयात असं मोकळेपणानं म्हणणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. मालकाला फोनही त्यांनीच लावला. मालक आधी माझ्यावर ओरडला, परवानगीशिवाय हात लावलास म्हणून. मग विचारलं, "चारशे फूट? भरलेली?" मी हो म्हणालो तसा म्हणाला, "चाचांना परत ट्रकवर घेतो, त्यांचंच कवापासून म्हणणं हाय. ट्रेलरची किल्ली तुझ्याकडं ठेव."

मी आईला सांगितलं. ती हेल्मेट काढायला विसरली होती. "पगार किती देणार, ते इचारलंस का?" म्हणाली. मी विचारलं नव्हतं. अण्णा लांब बांधावर बसले होते, माणसांच्या ओळीत, गप्प. जवळ गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "ब्रेक हवेवर चालतात का याचे?" मी हो म्हणालो, कसे चालतात ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि आईला घेऊन निघून गेले. मला वाईट वाटलं. निदान आज तरी काही म्हणतील, असं वाटत होतं.

सळई उतरवायला तीन वाजले. रिकामा ट्रेलर घेऊन गेटवर आलो, तर वॉचमननं बाहेर पडतानाच्या सहीसाठी वही खिडकीतून आत दिली. त्याच पानावर अण्णांची ओळ होती. आयुष्यभर कचेरीत घोटलेलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. नाव, गाव, आत आल्याची वेळ. ट्रेलर खड्ड्यापर्यंत जायच्या आधीची, मला जमेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हाची. वहीत शेवटचा रकाना होता, 'आपण कोण'. बाकीच्यांनी तिथं ठेकेदार, सुपरवायझर, मजूर असं काही लिहिलेलं.

अण्णांनी लिहिलं होतं, 'ड्रायव्हरचे वडील'.