खरवसाचा डबा

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. स्टीलचा डबा हातात आला की पुरे.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. सिंगापूरच्या उत्तरेला क्रांजीकडे शेळ्यांचा एक फार्म होता. तिथून आमच्या पोलीस स्टेशनात तक्रार आली. व्यालेल्या शेळ्यांचा चीक मालक अशक्त करडांसाठी फ्रीझरमध्ये राखून ठेवी, आणि त्या बाटल्या गायब होत होत्या. स्टेशनात सगळे हसले. मी मात्र नोंद केली. चोरी ती चोरी.

आठवड्याने खबर लागली, की शेजारच्या ऑर्किडच्या बागेतले तमिळ कामगार सकाळी कसलीशी पिवळी मिठाई खातात. मी गेलो, डबा उघडला आणि आईच आठवली. खरवस होता. झाकणावर एका बाईचं नाव देवनागरीत कोरलेलं. आमच्या स्टेशनात ते वाचू शकणारा मी एकटाच.

फार्मवरच्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांतला एक चाळिशीचा माणूस सांगलीकडचा होता. त्याला समोर बसवून मी इंग्रजी बाजूला ठेवलं. "पाव्हणं, गाव कुठलं?"

त्याचा चेहरा असा फुलला, की मलाच लाज वाटली.

"सायेब, तुमी आपल्याकडलं!" मग तो थांबेचना. "डबा आमच्या मंडळींचा हाय. शेळी व्याली की चार घरी चीक द्यायचा असतोय. हितं मला चार घरं कुठली? म्हून बागेतल्या लोकांना दिला."

"मालकाला विचारलंत?"

"त्येची भाषा मला कुठं येती?"

कबुलीवर त्याने आनंदाने सही केली. आता वर्क परमिट जाणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

खटला झाला नाही, ताकीद देऊन सोडलं. मालकाने परमिट मात्र रद्द केलं. गावी परतण्याआधी तो सांगलीकर मुद्देमालातला डबा न्यायला आला. मी डबा स्वच्छ घासून दिला. त्याने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि नमस्कार करून गेला.

आई शेजाऱ्यांचं भांडं कधी रिकामं परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

माणसाला बोलतं कसं करायचं, हे नोकरीत शिकलो. एकट्या माणसाला तर आपल्या भाषेतले दोन शब्द पुरतात. आता फ्लॅटमध्ये मीही एकटाच असतो. मुलगी फोनवर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत "ओके लाह, बाबा" म्हणते आणि ठेवते. आज मला कोणी "पाव्हणं, गाव कुठलं?" विचारलं, तर मीही सगळं कबूल करीन. पहिली कबुली त्या रिकाम्या डब्याची.