सही-शिक्क्याची प्रत

चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली उपसलेल्या श्यामकांतरावांचा एक नेम होता. सही-शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय कुणाविरुद्ध तोंड उघडायचं नाही. शिफारस करताना मात्र कागद लागत नसे. सुभेदाराच्या विधवा भीमाबाई मुलाकडे छावणीत राहायच्या. मोतीबिंदूसाठी त्या लष्करी इस्पितळात निघाल्या होत्या, तर यांनीच त्यांना अडवलं. "तिथे हिंदीत काय सांगणार तुम्ही? गुरुग्रामला आपले डॉक्टर सूर्यकांत आहेत. बिल्कुल घरचा माणूस."

पंधरा दिवसांनी अविनाशचा फोन आला. हा त्यांचा जुना सहकारी आता डॉक्टरांच्या नोंदणीच्या ऑफिसात कामाला होता. हयगयीने एका रुग्णाचा डोळा गेला, म्हणून सूर्यकांतांची नोंदणी सहा महिने निलंबित झाली होती.

श्यामकांतरावांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टरसाहब तो रोज बैठते हैं, सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. निलंबनाबद्दल पेशंटांना एक शब्द नाही! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"भीमाबाईंना आत्ताच कळवा," त्यांची बायको अलकनंदा म्हणाली.

"आणि प्रूफ? उद्या बदनामीची केस झाली तर?"

"अहो, डोळा आहे तो त्यांचा, फाइल नाही!"

पण ऐकतील ते श्यामकांतराव कसले! त्यांनी नोंदणीचं ऑफिस गाठलं आणि आदेशाची प्रत मागितली. तीन खिडक्या झाल्यावर उत्तर मिळालं, "आरटीआय लगाइए." अर्ज केला, वर स्मरणपत्रही पाठवलं. रोज पोस्टमनची वाट पाहायची आणि साऱ्या सरकारी कारभाराला शिव्या घालायच्या, असा महिना गेला. भीमाबाईंच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची होती, म्हणून श्यामकांतरावांना वेळ आहे असं वाटत होतं.

एकतिसाव्या दिवशी प्रत आली. तिच्यावर गोल शिक्का, खाली सही. ते जेवण टाकून छावणीत धावले.

दार भीमाबाईंनीच उघडलं, भिंत चाचपत. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डाव्यात अजून मोतीबिंदू.

"कोण, भाऊ का? तुमचं नाव सांगितलं अन् डॉक्टरांनी लवकरची तारीख दिली बघा. आठ दिवस झाले. अजून अंधारच आहे, पण दिसेल म्हणतात." त्यांनी कागदाची सळसळ ऐकली. "काय आणलंय? वाचून दाखवा की."

श्यामकांतरावांनी घसा खाकरला आणि जावक क्रमांकापासून वाचायला सुरुवात केली.