कूलरवाल्या चाचांचा दाढीवाला पाहुणा

आमच्या शेजारच्या कूलरवाल्या चाचांइतका थंडाव्यावर इमान ठेवणारा माणूस अख्ख्या घाटंजी तालुक्यात झाला नाही, पुढेही व्हायचा नाही. पत्र्याचे कूलर बनवणं हा त्यांचा धंदा, पण त्यांच्या लेखी ती इबादतच. तापापासून तंट्यापर्यंत सगळ्यावर इलाज एकच, "पहिले कूलरसमोर बसा मास्तर, मंग बोला." कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत नवा कूलर घेतो कोण? तरी चाचांच्या बैठकीतला कूलर बाराही महिने घरघरायचा. ओल्या वाळ्याच्या त्या वासात आपण कशाला आलो हेच माणूस विसरे. मी एकदा विळा मागायला गेलो आणि झकास डुलकी काढून रिकाम्या हाताने परत आलो.

अशा घरात सरडा आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने पाळलेला, मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. तिच्या घरमालकाने कटकट केली म्हणून दिवाळीपर्यंत अब्बांच्या हवाली झाला. चाचांनी पाहुणचारात कसूर केली नाही हो! कूलरसमोर पाट मांडला, तुपातला शिरा, दूध, शेवया पुढे ठेवल्या. आणि सरडा दिवसेंदिवस वाळत चालला. शेपटीची हाडं दिसायला लागली, दाढी काळीठिक्कर पडली. समोर चाचांची मेंदीने रंगवलेली लाल दाढी. दोन दाढ्या अशा समोरासमोर चिंतेत बसलेल्या पाहून मला हसू फुटलं.

"हासू नका मास्तर," चाचा म्हणाले. "मागच्या साली तिची अम्मी गेली, ते पोरीले फोनवर मीच सांगतलं. आता पुन्हा 'गेला' म्हणून फोनवर नाही सांगत मी."

माझं हसू जागच्या जागी विरलं. आम्ही सरडा उचलून गुरांच्या दवाखान्यात नेला.

"कूलरसमोर?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, अंग तापल्याशिवाय याला अन्न पचत नाही. शिरा-दूध बंद करा. आधी पाणी पाजा, मग रोज थोडं थोडं खाणं, एकदम ठासू नका. किडे द्या, पण याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा नको. आणि फवारलेल्या शेतातला तर मुळीच नको."

घरी येऊन चाचांनी कूलर बंद केला. त्या बैठकीत घड्याळाची टिकटिक मी पहिल्यांदाच ऐकली. मग रोज सकाळी अंगणात खाट पडू लागली. सरड्याला ऊन नको झालं तर सरकता यावं म्हणून अर्ध्या खाटेवर चादरीची सावली. चाचा मात्र घाम पुसत उन्हाच्याच बाजूला बसत. "पाहुण्याले एकट्याले उन्हात कसं बसवू?"

पण किडे आणायचे कुठून? नजर जाईल तिथवर कपाशी, आणि बोंडअळीच्या धास्तीने पाठीवरचे पंप सारखे चालू. औषध न लागलेलं गवत उरलं होतं फक्त कबरस्तानात, आणि चाची गेल्यापासून चाचा त्या रस्त्यानेसुद्धा जात नसत. बाजाराला लांबचा फेरा घालत, पण ती वाट टाळत. एका सकाळी मात्र त्यांनी प्लास्टिकचा डबा काढला आणि म्हणाले, "चला मास्तर, सोबतीले या."

फाटकापाशी ते बराच वेळ थांबले. आत गुडघाभर गवत, दवाने जड झालेलं, त्यावर पिवळं कोवळं ऊन, आणि पाऊल टाकावं तिथून नाकतोडे उडत होते. चाचीच्या कबरीशेजारी चाचा हळूच गुडघ्यांवर बसले, एका नाकतोड्यावर झडप घातली आणि तोंडघशी पडले. "पाहून राह्यली असन ती," अंगावरचं गवत झटकत ते म्हणाले, "हासत असन." मग सापडेल तो नाकतोडा चष्म्यासमोर धरून मापायचा, "हा मोठा हाय" म्हणत सोडायचा, दुसरा धरायचा. मी निंबाखाली बसून ते बघत राहिलो. शाळेची वेळ टळून गेली, तरी उठवेना.

दिवाळीत लेक आली तेव्हा सरड्याची शेपूट चांगली भरली होती, दाढीचा काळेपणा गेला होता. "अब्बा, हा तर जाडा झाला," ती म्हणाली, आणि बापाकडे बघून, "अन् तुम्ही काहून वाळले?" चाचांच्या रापलेल्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. सरडा पुण्याला गेला.

आता कूलर घरघरणार असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा डबा घेऊन निघालेलेच.

"आता कायले जाता, चाचा?"

"काई नाही. धरतो, मापतो, सोडून देतो." त्यांनी डबा काखेत मारला. "एकदम बंद कसं करू, मास्तर? तिले बी सवय पडली असन ना आता."