चिमणीजवळची ओल

आमची सून ललिता हट्टी आहे, असं माझा मुलगा बबन म्हणतो. मला तो शब्द बरोबर वाटत नाही, पण दुसरा कोणता, तेही मला नीट सांगता येत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात काय झालं तेवढंच लिहितो.

कॅनडातल्या हॅमिल्टनमधलं आमचं घर जुनं, विटांचं. वरच्या मोठ्या खोलीच्या भिंतीतून धुराची चिमणी छपरावर जाते. त्या भिंतीपाशी ललिताने बुद्धमूर्ती मांडली आहे. रविवारी ओळखीची मंडळी तिथे वंदनेला जमतात. नेमकी तिथेच, मूर्तीच्या मागे, तपकिरी ओल उमटली. छपरवाल्याने चिमणीभोवतीचा पत्रा बदलला, तरी ती परत आली.

बबन कंटाळला. "स्प्रिंगपर्यंत ओल गेली नाही तर घर विकायचं. मिल्टनला नवीन घेऊ. तिथे चिमणीच नसते."

"नागपूरला आडनाव विचारून लोकांनी खोल्या नाकारल्या, तेव्हा मुकाट्याने निघालो," ललिता म्हणाली. "हे घर आपलं आहे. एका डागासाठी मी सोडणार नाही."

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नुसत्या अंदाजावर तिचं भागत नाही. थंडी पडायच्या आत तिने बागेतल्या पाइपने चिमणीवर भरपूर पाणी मारलं.

"शेजारी म्हणतील, हे लोक घरालाही आंघोळ घालतात!" बबन म्हणाला.

"म्हणू द्या. तुम्ही आत जाऊन भिंत बघा."

भिंत कोरडी होती. म्हणजे पाणी वरून येत नव्हतं.

पुढे पाऊस संपला, बाहेर सगळं गोठलं, आणि तेव्हाच भिंत भिजायला लागली. एका शनिवारी मिल्टनचे पाहुणे मुक्कामाला आले. वंदनेआधी आंघोळ करून बसायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यामुळे रविवारी सकाळी एकामागून एक सगळे न्हाले. वंदना चालू असताना मूर्तीमागून पाण्याचा ओघळ खाली आला. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. ललिताचे उघडे होते. माझेही होते, म्हणून मला दिसलं.

पाहुणे गेल्यावर ती बेसमेंटमध्ये आली. माझी खोली तिथेच आहे.

"मामाजी, पाण्याचा हीटर सकाळी किती वेळ पेटलेला होता?"

"विझलाच नाही," मी म्हणालो.

हीटर गॅसचा, त्याच्या धुराचा पाइप चिमणीत जातो. पूर्वी घर तापवणारी जुनी फर्नेसही तिथेच धूर सोडायची आणि चिमणी गरम राहायची. आदल्या वर्षी नवी फर्नेस बसवली, तिचा पाइप बाजूच्या भिंतीतून थेट बाहेर काढला. एवढ्या मोठ्या गार चिमणीत आता एकटा हीटर उरला होता. त्याच्या धुरातली वाफ थंड विटांना लागून तिचं पाणी होत असणार, असं ललिता म्हणाली.

"झालं तर मग! सापडलं," बबन म्हणाला.

"असणार म्हणजे सापडलं नाही." तिने हीटर बंद केला. "भिंत वाळेपर्यंत कम्युनिटी सेंटरच्या स्विमिंग पूलवर, तिथल्या शॉवरखाली आंघोळ करायची."

"या थंडीत? लोक काय म्हणतील?"

"स्वच्छ आहेत म्हणतील."

रोज पिशवीत टॉवेल घेऊन आम्ही निघायचो. एकदा मी भीत भीत म्हटलं, आज माझी राहिली तर चालेल.

"वंदनेला बसायचंय ना, मामाजी? मग बूट घाला."

भिंत हळूहळू वाळली. तिने हीटर पुन्हा लावला, ओल पुन्हा आली. तेव्हा कुठे तिने गॅसच्या माणसाला बोलावलं. त्याने चिमणीच्या आतून स्टीलचा अरुंद पाइप वरपर्यंत नेला, म्हणजे धूर थंड विटांना लागणार नाही. अशा चिमणीतून विषारी वायू घरात उलटू शकतो, वेळेत बोलावलंत, असंही तो म्हणाला.

नंतरच्या एका रविवारी कडाक्याची थंडी होती. घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे घरीच न्हाले होते. वंदना संपल्यावर ललिताने मूर्तीमागे हात घालून भिंत चाचपली. मग तो हात बबनसमोर धरला.

बबनने बोट लावून पाहिलं. "कोरडा आहे. आता मिल्टनची घरं दाखवणाऱ्या एजंटला काय सांगू?"

"सांगा, बायको घरी आंघोळ करू देते आता."