कोपरगावची वाट अन् मामाच्या गाडीचं आपोआप यंत्र

आधी कबूल करतो. मामाच्या गाडीत कसलंच यंत्र बसवलेलं न्हाई.

झालं असं, मामानं जुनी मोटार घेतली. समोरून गाडी आली की क्लचच्या डावीकडचं बटन पायानं दाबायचं, मंग दिव्यांचा झोत खाली पडतो. मामा दरवेळी इसरायचा अन् ट्रकवाल्यांच्या शिव्या खायचा. एकदा म्या पंक्चर काढून गाडी आनली अन् ठोकून दिलं, "मामा, मिस्त्रीनं झोत आपोआप खाली-वर करायचं यंत्र टाकलंय. आता बटनाला पाय लावायचा न्हाई, जळंल."

एकाहत्तरची दिवाळी सरली अन् आमी सुप्याहून कोपरगावला निघालो, मामाच्या शालनताईला बघून गेलेल्या पोराचं घर बघायला. मामा चालवायला, मामी खिडकीशी, मधी मी. गिअर स्टेरिंगलाच, म्हनून माझा उजवा पाय बरोबर बटनाशेजारी.

जानाऱ्यांनी ध्यानात ठेवा, राहुरीच्या पुढं रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी गच्च असतो. चहा राहुरीतच घ्या, वीस पैशाला कप. भजी गरम असली तरच खा, आमी गार खाल्ली अन् कोल्हारच्या पुलापर्यंत ढेकर देत गेलो.

अंधार पडला. ट्रक आला, म्या बटन दाबलं, झोत खाली. ट्रक गेला, परत दाबलं, झोत वर. बैलगाडीखालचा कंदील दिसला की तिथंबी दाबलं, बैल बुजू नयेत म्हनून.

"बघ," मामा मामीला म्हनला, "गाडी बैलालाबी वळखती."

"तुमच्यापरीस शानी हाय मंग."

कोपरगावात पोराच्या वडलांनी, म्हंजे अण्णांनी, बासुंदीचं जेवन घातलं. मामानं यंत्राची लई तारीफ केली.

"दाखवा की," अण्णा म्हनले. "पर एक सांगतो, खोटं बोलनाऱ्या घरात आमी सोयरीक करत न्हाई."

म्या बासुंदीची वाटी खाली ठेवली.

गाडीत अण्णा मधी बसले, खिडकीशी नवरदेव, अन् मला टाकलं मागं. ट्रक आला. झोत वरच. ट्रकवाला दिवे उघडझाप करतोय, मामाच्या मानेवर घाम. "व्हय की गं बये खाली," मामा गाडीला इनवतोय. ताईचं लग्न माझ्या पायानं मोडतंय, असं वाटून म्या डोळं मिटलं.

उघडलं तर झोत खाली. ट्रक गेला, झोत वर.

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. तोंडावरची रेघबी हलली न्हाई. "यंत्र झ्याक हाय," ते मामाला म्हनले. "पोरगी पसंत."

उतरल्यावर त्यांनी माझा कान धरून बाजूला घेतलं. "पायाखाली बटन लागलं तवाच समजलं, अन् दाबलं. आता आमीबी खोट्यात आलो. दोनी घरं सारखी झाली, सोयरीक जमली."

घरी आल्यावर ध्यानात राहिली ती बासुंदी, अन् अजून लाल असलेला कान. पर मामा आता एकटाच गाडी घेऊन पत्रिका वाटायला निघाला. म्या म्हनलं, "मामा, मधल्या शीटवर वजन असल्याबिगर यंत्र चालत न्हाई." तवापासून रोज सांजंला मी वजन. बेलापूर झालं, उद्या शेवगाव. पोटरीला गोळं आलेत.

लग्न माघात हाय. तवर कुनाला सांगू नका, मामाला तर मुळीच न्हाई. हात जोडतो तुमाला. पाया पडलो असतो, पर पाय सध्या कामात हाय.