उंबराचा पहिला घाव

आमच्या मागच्या अंगणातला उंबर कुणी लावलेला नव्हता. कुठल्याशा पक्ष्याने बी टाकलं आणि झाडाने संडासाची टाकी आणि आईच्या खोलीची भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा पसंत केली. एवढं मोठं अंगण रिकामं पडलं होतं, पण नाही. "आपोआप आलेला उंबर! भाग्य लागतं हो," असं गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत जो तो म्हणायचा. वडील तेव्हा होते. त्यांनी तो उपटला नाही, आणि ते गेल्यावर ते भाग्य भोगायला आम्ही मायलेकी उरलो.

मुळ्या चेंबरमध्ये शिरल्या आणि आईच्या बाथरूममधून घाण पाणी उलटं तिच्या खोलीत यायला लागलं. प्लंबरने आतून वेणीएवढा लांब मुळ्यांचा झुपका ओढून काढला आणि म्हणाला, "झाड आहे तोवर मी येतच राहणार." त्यात पलंगाच्या उशाशी भिंतीला तडा गेला. आईचे गुडघे कामातून गेलेले, जिना बंद, त्यामुळे खालची तेवढी एकच खोली तिच्या उपयोगाची. पुण्याहून भाऊ फोनवर सांगायचा, "पावसाळ्याच्या आत आईला इकडे पाठव." त्याचा फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, वहिनी प्रेमळ आहे. पण आई मला एकदाच म्हणाली, "मला इथून हलवू नकोस गं," आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. म्हणजे आता उंबर तरी जाणार होता, नाहीतर आई.

मला वाटलं होतं, खरी डोकेफोड महापालिकेत होईल. पण तिथले साहेब आले, तडा पाहिला, चेंबरचं झाकण उघडल्यावर नाकाला रुमाल लावला आणि बदल्यात दुसरी झाडं लावायच्या अटीवर परवानगी देऊन टाकली. सरकारी काम वेळेत झालं की माणूस गाफील होतो, तशी मी झाले.

झाड तोडणारा पहिला माणूस आला, त्याने वर पाहिलं आणि चप्पल काढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हात जोडून तो निघून गेला तो गेलाच, नंतर फोनही उचलेना. दुसरा म्हणाला, "निलगिरी सांगा, बाभूळ सांगा, उंबर सोडून काय बी सांगा." जसं काही मी दुकानात बसले होते आणि हवं ते झाड काढून दाखवणार होते!

तिसरा वणीकडचा होता. टेम्पो, दोर, कोयते, लाकूड कापायचं मशीन, सगळा सरंजाम घेऊन आला. मला हायसं वाटलं.

"ताई, फांद्या उतरवून देतो," तो म्हणाला. "बुंध्याला हात नाय लावणार."

"अहो, त्रास बुंध्याचाच आहे. फांद्या काय चेंबरमध्ये जातात का?"

"दत्त महाराज हायेत तिथं."

"चेंबरमध्ये?"

त्याने कानाला हात लावले. मी जन्मभर मुलांना जीवशास्त्र शिकवलं. मुळं पाण्याचा माग कशी काढतात ते मी त्याला अंगणात उभी राहून समजावलं, आणि त्याने ते आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी पूजा करून देवाला दुसरीकडं जायला सांगा. मग मी येतो." मी हात टेकले. पूजा तर पूजा.

पंचवटीतून गुरुजी आले. झाडावरच्या देवतांना आणि पाखरांना त्यांनी रीतसर विनंती केली की आता दुसरा आसरा बघावा. बुंध्याला हळदकुंकू लावलं, लाल दोरा गुंडाळला, नारळ वाढवला, दिवा लावला. "चार दिवस जाऊ द्या, मग खुशाल तोडा," असं सांगून गेले.

त्या चार दिवसांत गुरुवार आला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून दोरा पाहिला, दिवा पाहिला आणि त्या अगरबत्ती घेऊन हजर झाल्या. "कित्ती छान केलंत! गल्लीत दत्ताचं ठिकाण नव्हतंच." मी सांगायला तोंड उघडेपर्यंत मागून आणखी तिघी आल्या. संध्याकाळी कुणीतरी पेढे ठेवून गेलं, त्यांना मुंग्या लागल्या, आणि मुंग्या भिंतीच्या तड्यातून थेट आईच्या उशाशी गेल्या. देवाला घालवायला पूजा केली आणि देव मांडी ठोकून बसला, याला म्हणतात करायला गेले एक अन् झालं भलतंच! सगळ्यावर कडी म्हणजे काकूंना प्रदक्षिणा पुरी घालता येईना. मध्ये आईच्या खोलीची भिंत येत होती. "ही भिंत पाडायचा विचार आहे का हो तुमचा?" त्यांनी अगदी सहज विचारलं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

ठरल्याप्रमाणे वणीवाला आला आणि अगरबत्तीची राख बघून चमकला. "ताई, आता तर तुम्ही देवच बसवला."

माझा आवाज इतका चढला की टेम्पोतली माणसं खाली उतरली. शेवटी तो नमला, पण एक अट घालून. "पहिला घाव घरच्यानं घालायचा. दोष आमच्याकडं नको. घरात कोणी पुरुष माणूस नाय का?"

"नाही. आण तो कोयता इकडे," मी म्हणाले.

त्याने कोयता दिला. मी तावातावाने बुंध्यापाशी गेले, हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. लाल दोऱ्याखाली कुंकू होतं. आठवडाभर ज्यांना नावं ठेवली ते सगळे माझ्याच हातात येऊन बसले होते. मला स्वतःचा इतका राग आला की रडू फुटलं.

मागचं दार वाजलं. वॉकर टेकत टेकत आई अंगणात आली. घसरायच्या भीतीने ती गेल्या पावसाळ्यापासून मागे आली नव्हती. वणीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही नका येऊ." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातून कोयता घेतला, दुसऱ्या हाताने दोरा जरा वर सरकवला आणि झाडाला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"तुला तिन्ही लोक मोकळे आहेत रे बाबा," ती म्हणाली. "मला ही एवढी एकच खोली आहे."

आणि तिने घाव घातला.