गुरुजींच्या उठाबशा

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. डॉक्टरसमोर खुर्चीत बसलेला माणूस तोलूनमापून बोलतो. पण एकदा का घाम फुटला, धाप लागली, मांड्या थरथरायला लागल्या, की पोटातलं सगळं ओठांवर येतं! मी फिजिओथेरपिस्ट. मूळची लातूरची, म्हणजे ट्यूशनच्या गावची, त्यामुळे पेशंटकडून सगळं घोटून घ्यायची सवय. आता नांदेडला असते. सकाळी सातला माझ्या सेंटरात साखरवाल्यांचा ग्रुप भरतो. साखरवाले म्हणजे कारखान्याचे नव्हेत हो, रक्तातल्या साखरेचे!

त्यातली तिघं माझी विशेष लाडकी. उमरीकडच्या शेतकरीण रुक्मिणबाई. लाल डब्यावर कंडक्टरकी करून रिटायर झालेले कांबळे मामा. आणि कंधार तालुक्यात उभा जन्म शाळेत शिकवलेले गुरुजी, वय चौऱ्याहत्तर.

गुरुजींना साखर होतीच, पण ते आले दुसऱ्याच कामाला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, साखरेचं काय व्हायचं ते होऊ द्या. मला आमच्या घरच्यांना पलंगावरून उभं करता आलं पाहिजे." घरच्या म्हणजे कुसुमताई. त्यांची उजवी बाजू तीन महिन्यांखाली लकव्यानं गेलेली, वाचाही गेलेली. दोनदा गुरुजींनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दोघंही जमिनीवर! शेजाऱ्यांनी उचललं. पुण्याचा मुलगा म्हणाला, "दिवाळीला येऊन बघतो. जमत नसेल तर आईला इकडच्या केअर सेंटरात ठेवू." मुलगा वाईट नाही, त्याला काळजी होती. पण गुरुजींच्या मांड्या मी हातानं चाचपल्या. नुसती कातडी लोंबत होती. दिवाळीला पाच महिने होते.

*

रुक्मिणबाई जन्मभर शेतात राबल्या. दोन वर्षांखाली लेकानं हौसेनं फ्लॅटवर आणलं, सोफ्यावर बसवलं, आणि साखर चढली. मला म्हणाल्या, "माय, मरमर राबले तवा कोणी व्यायाम म्हनलं न्हाई. आता कुठं बसाय मिळालं, तर तू राबायला सांगून राहिली!"

मी समजावलं. रक्तातली साखर स्नायूंत पोचवायला एरवी इन्सुलिन लागतं. ते पंगतीतल्या वाढप्यासारखं. तुमच्याकडं वाढपी हाका मारतोय, पण स्नायू ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तेच स्नायू कामाला लागले, की वाढप्याची वाट बघत बसत नाहीत, आपलं आपण घेतात.

रबरी पट्टा ओढता ओढता बाई थांबल्या. "म्हंजी लई भूक लागली की माणूस हातानं वाढून घेतंय, तसं?"

"हाव!"

"मग सरळ सांग की माय. एवढं इंग्रजी कशाला बोलून राहिली?"

आता इन्सुलिन सोडून मी एक शब्द इंग्रजी बोलले असेन तर शपथ!

*

कांबळे मामांना जागेवरची सायकल दिली होती. तिच्या हँडलला जुनी घंटी आहे. मामा डबल बेल दिल्याशिवाय निघायचे नाहीत. एकदा मी ओरडले, "मामा, बास, थांबा!" पाय चालूच. शेवटी म्हणाले, "म्याडम, सिंगल बेल द्या, बिगर बेलची गाडी थांबत नसती!" मी जाऊन घंटी वाजवली, तेव्हा गाडी थांबली.

सुरुवातीला पाच मिनिटांत त्यांना धाप लागायची. "लई मारून राहिलो, पण डेपोच्या भाईर काई निघालो न्हाई!" एवढं बोलायलाही तीनदा दम घ्यायचे. दोन महिन्यांत मात्र सायकल मारता मारता अखंड गप्पा. रुक्मिणबाईंनी विचारलं, ह्यांना झालं तरी काय? मी म्हटलं, रोजच्या व्यायामानं स्नायूंच्या आत बारक्या बारक्या भट्ट्या वाढतात. हवा चांगली वापरली जाते, दम टिकतो, बोलता येतं.

बाई हात जोडून म्हणाल्या, "मग ह्यांच्या थोड्या इझवता येतील का?"

हेच मामा मग भाचीच्या लग्नाला बिलोलीला गेले ते पंधरा दिवस तिकडंच. आले तेव्हा साखर पुन्हा वर. लई चिडले. "इतका घाम गाळला, तो कुठं गेला?" मी सांगितलं, एका दिवसाच्या व्यायामानं स्नायू साखर जास्त ओढतात खरं, पण त्याचा असर दिवस-दोन दिवसच राहतो. मामा विचारात पडले. मग सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका हो! ह्याचा पास निघत न्हाई. रोजचं तिकीट काढा!"

हे वाक्य आता माझ्या सेंटरच्या भिंतीवर लिहिलंय.

*

गुरुजी पहिल्या दिवशी व्यायाम करून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले ते भिंत धरत. मला वाटलं व्यायामाला आले. नाही! खिशातून घडी घातलेला कागद काढून दोन्ही हातांनी दिला. वळणदार अक्षर. "विषय: मांड्या ठणकत असल्याने एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत."

मी म्हटलं, "गुरुजी, हा अर्ज द्यायला तुम्ही घरून इथवर चालत आलात?"

"मग? अर्ज समक्ष द्यायचा असतो."

मी त्याच कागदावर लिहिलं, "नामंजूर. दुखणे दोन-तीन दिवसांत जाईल, मांड्या कामाला लागल्याची खूण आहे. आज हळूहळू चालावे." गुरुजींनी चष्मा लावून वाचलं, 'हळूहळू'मधला दुसरा ऊ मी ऱ्हस्व काढला होता तो दुरुस्त केला, आणि चालायला लागले.

*

गुरुजींचा मुख्य व्यायाम खुर्चीचा. हात न टेकता उठायचं, बसायचं. तिसऱ्या दिवशी मी सहज म्हणून गेले, "गुरुजी, आता चार उठाबशा काढा."

कांबळे मामांची सायकल बिगर बेलची थांबली! मामा चौथीत गुरुजींच्याच हाताखाली होते. "म्याडम," ते म्हणाले, "पन्नास वर्षं थांबलो ह्या दिवसासाठी!"

सगळे हसले. गुरुजीही हसले. पण उठायला लागले आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप कानांकडे गेले. आयुष्यभर पोरांना तसंच सांगितलेलं, उठाबशा म्हणजे कान धरूनच! त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. कान धरलेले गुरुजी अर्ध्यात अडकले, मांड्या लटपटायला लागल्या, वर येता येईना. माझा तर जीवच कळवळला.

मामा सायकलवरून उतरले, गुरुजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि स्वतःचे कान धरले. "चला गुरुजी, जोडीनं काढू. मी बी पाढे चुकलो व्हतो."

"कितीचा?"

"सतराचा."

"तो तुझा कायमच चुकायचा," गुरुजी म्हणाले आणि उठले. मोजणी त्यांनीच केली, दोघांची मिळून. कान धरू नका हे सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

*

महिन्याभरात चार उठाबशांच्या अकरा झाल्या. गुरुजींनी मला टेप आणायला लावली. मांडी मोजली, तर होती तेवढीच! त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बाई, मार्क वाढले आणि अभ्यास तेवढाच. ही कॉपी तर नव्हे?"

मी म्हटलं, "नाही हो गुरुजी. तुमच्या मांडीत तंतू भरपूर होते, पण मेंदूनं हाक मारली तरी अर्धे येतच नव्हते. आता यायला लागलेत. मांडी भरेल नंतर, सावकाश."

गुरुजी खूश! "म्हणजे पटावर होते, वर्गात नव्हते."

आजवर मी हे किती जणांना समजावलं असेल, पण इतक्या थोड्या शब्दांत मला जमलेलं नाही.

*

दसऱ्यानंतर खरी प्रॅक्टिस सुरू केली. रुक्मिणबाईंनी शेतावरून अर्धं पोतं ज्वारी आणवली. मी गुरुजींना शिकवलं, "उचलायचं नाही, आपल्यासोबत उभं करायचं. गुडघ्यात वाका, छातीशी घट्ट धरा. लांब धरलं तर तुमची कंबर जाईल." गुरुजी पोतं हातभर लांब धरून उभे.

"जवळ घ्या, गुरुजी."

"धूळ लागते."

"अवो, पोत्याला काय लाजून राहिले!" रुक्मिणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी धरलं जवळ. पण प्रत्येक वेळी उठवायच्या आधी पोत्याला हळूच म्हणायचे, "उठायचं का?" उत्तरासाठी जरा थांबायचे आणि मगच उठायचे. त्यावर मात्र कोणी हसलं नाही. रुक्मिणबाई तर तोंडाला पदर लावून तिकडं वळल्या.

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी मुलगा आला. गुरुजींचा फोन आला, "बाई, परीक्षक म्हणून या."

कुसुमताई पलंगाच्या कडेला बसलेल्या. गुरुजी समोर उभे राहिले. कुसुमताईंच्या अधू गुडघ्याला आपला गुडघा टेकवला, त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यात हात घातले. मुलगा दोन्ही हात पसरून मागेच.

"बाबा, मी धरतो."

"तू बाजूला हो." गुरुजी वाकले. "उठायचं का?"

कुसुमताईंनी मान हलवली. एक, दोन... आणि तीन म्हणायच्या आत त्या उभ्या! आठ महिन्यांनी. मी बघत होते फक्त गुरुजींच्या मांड्यांकडं, कारण माझं काम तेच. मांड्या थरथरल्या, पण ढळल्या नाहीत. कुसुमताईंच्या चांगल्या हातानं गुरुजींचा सदरा पाठीमागून मुठीत धरला, आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.

मुलाचे डोळे भरून आले. "बाबा, जमलं की हो! आई इथंच राहू दे. बसवा आता तिला."

गुरुजी बसवेनात.

मी पण म्हटलं, "गुरुजी, पास झालात. पहिल्या दिवशी एवढं पुरे."

त्यांनी कमरेचा पट्टा उलट आणखी घट्ट धरला.

कुसुमताईंनी डोकं उचललं. गुरुजींच्या खांद्यावरून आम्हा दोघांकडं पाहिलं. आठ महिने त्यांच्या तोंडून नुसतं "आ, आ" निघत होतं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि एकेक अक्षर जुळवत त्या म्हणाल्या, "दार... लोटा."